ईश्वरीचं चिमणाळं

माळढोकाची कापडी मादी टांगली त्या दिवसापासून आमच्या घराचं छत रोज अडीच इंच खाली येऊ लागलं. मी टेपनं मोजत असे. सकाळी चहाच्या आधीच मोजायचे, कारण चहा झाल्यावर मोजलं तर पाव इंच जास्त भरायचं आणि मग दिवसभर जिवाला रुखरुख लागायची.

पहिल्यांदा ते मुकुंदच्या लक्षात आलं. मुकुंद माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच आहे, त्यामुळे घरात काही बिघडलं की ते आधी त्याच्या डोक्याला लागतं. तिसऱ्या दिवशी सदरा चढवताना त्याचा हात पंख्याच्या पात्याला लागला.

"अक्का, पंखा खाली आलाय."

मी टेप आणली. पंखा स्लॅबपासून होता तेवढ्याच अंतरावर होता. स्लॅब खाली आला होता. एरवी मला हे महिनाभर तरी कळलं नसतं. मी शिवणकाम करते, माझा दिवस बसून जातो आणि बसलेल्या माणसाला छताशी फारसं देणंघेणं नसतं.

छत खाली येताना आवाज होत नव्हता. पोपडा निघत नव्हता, भेगही पडत नव्हती. परकर लांब झाला की खालून दुमडून टीप मारतात, तशा भिंती तळाशी दुमडत होत्या आणि दुमडलेला भाग फरशीखाली जात होता. दारं-खिडक्या त्याच हिशोबानं बुटक्या होत होत्या. बाहेरून मात्र घर होतं तेवढंच होतं. माणूस ताठ मानेनं दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्यावर आपोआप वाकायचा. मुकुंदनं गवंडी आणला. त्यानं बाहेरून माप घेतलं, दहा फूट भरलं. आतून घेतलं, आठ फूट दोन इंच भरलं. त्यानं दोन्ही आकडे विटेच्या तुकड्यानं ओट्यावर लिहिले, थोडा वेळ बघितले आणि म्हणाला, "आतल्या मापाचं आमच्याकडं नसतंय." मग चहा पिऊन गेला.

कुणालाही सुचेल तो उपाय आम्हालाही सुचला होता. ती मादी काढून ठेवायची, संपलं. पण ती ईश्वरीच्या पाळण्यावरच्या चिमणाळ्यात होती, आणि ईश्वरी तिच्याखाली झोपली होती.

ईश्वरी म्हणजे मुकुंद आणि पल्लवीची मुलगी, माझी भाची. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर झाली. जन्मली तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि पुढचे एकाहत्तर दिवस ते मिटले नाहीत. रडायची नाही, चिडायची नाही. दूध प्यायची आणि वर बघत राहायची. डॉक्टरांनी टॉर्च मारून तपासलं आणि डोळे फार छान आहेत असं सांगितलं. पण जागं राहणारं मूल झिजतं. दर आठवड्याला तिचं झबलं मला अर्धा इंच आत घ्यावं लागे. एकाहत्तराव्या दिवशी ती जन्मली होती त्याच्या निम्मी उरली होती. पल्लवी तिला मांडीवर घ्यायलाही घाबरायची. आम्ही तिघं पाळीपाळीनं जागायचो आणि ज्याची पाळी नसेल तोही जागाच असायचा.

यात माझी चूक होती, ती आधीच सांगून टाकते. चिमणाळं म्हणजे पाळण्यावर टांगायची कापडी पाखरं. कामट्यांचं एक कडं, त्याला पाच दोरे, दर दोऱ्याला एक पाखरू. आमच्यात ते आत्यानं स्वतःच्या हातानं करायचं असतं आणि बाराव्या दिवशी पाळण्यावर बांधायचं असतं. नाव त्याच्यानंतर ठेवतात. बाराव्या दिवशी माझ्याकडे ते तयार नव्हतं. ज्या बाईनं गावातल्या निम्म्या पाळण्यांवरची चिमणाळी केली, तिनं स्वतःच्या भाचीला बाजारातलं प्लॅस्टिकचं बांधलं. त्यात एक हत्ती होता. मी ईश्वरीच्या कानात नाव सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. हत्तीकडे बघत होती. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऑर्डरीच्या कामाला बसले.

ऑर्डर बिराजदारांची होती. आमच्या गावाबाहेर माळ आहे. पूर्वी तिथं माळढोक असायचे, उंच मानेचे, पोरासारखे दोन पायांवर चालत जाणारे. आता तिथं एक पक्षीकेंद्र आहे आणि बिराजदार त्या केंद्रात मोजणीदार आहेत. रोज सकाळी दुर्बीण घेऊन माळावर जातात, तासभर बघतात, वहीत 'निरंक' असं लिहितात आणि परत येतात. तीन वर्षं त्यांनी दुसरा शब्द लिहिलेला नाही. लांबून माणसं बघायला येतात, त्यांना काहीच दिसत नाही, म्हणून निदान नेण्यासाठी काहीतरी असावं असं केंद्राला वाटलं. मला फोटो दिले आणि टांगायचे दुर्मिळ पक्षी शिवायला सांगितले. दीडशे नग. मी वनपिंगळे शिवले, धनेश शिवले, माळढोक तर चाळीस शिवले. फोटोत सगळ्या माळढोकांचे पाय गवतात होते. मी त्यांना चिमणीचे पाय लावले, पुढं तीन बोटं, मागं एक. तारेवर दोरा गुंडाळला की झालं. ते चाळीस माळढोक केंद्राच्या खिडकीत अख्खा हंगाम गुपचूप टांगलेले राहिले.

ऑर्डर संपल्यावर मी ईश्वरीचं घेतलं. भाचीसाठी करताना एवढीसुद्धा चूक ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं. उशीर झाला होता, निदान काम तरी नीट व्हावं. म्हणून बिराजदारांना माळढोकाचा पाय विचारून घेतला. त्यांनी वहीच्या पाठीमागच्या पानावर काढून दिला. पुढं तीन बोटं, मागं काहीच नाही.

"मागचं बोट नसतंय याला," ते म्हणाले.

मी तसाच केला. पाठ वडिलांच्या तपकिरी कोटाची, मान पांढऱ्या चादरीची, आत सावरीचा कापूस. शिवणीच्या आत माया, म्हणजे पुढं सैल करायला लागणारं जास्तीचं कापड, मी भरपूर सोडली. पाखराला ती लागत नाही, पण हाताला सवय असते. नराला गळ्याशी पिशवी असते आणि ती जमता जमत नाही, म्हणून मादी केली. बाकीच्या दोऱ्यांना वनपिंगळा, धनेश, मोरघार आणि एक राघू, तो रिवाज म्हणून. गिधाड करायचं माझ्या मनात होतं, पल्लवी नको म्हणाली.

दुपारी साडेतीनला मी ते बांधलं. पाखरं फिरली, थांबली. ईश्वरीनं एकेक करून सगळ्यांकडे बघितलं. माळढोकापाशी आली आणि तिचे डोळे मिटले. पल्लवी फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली, आवाज होऊ नये म्हणून. मग आम्हीही झोपलो, तिघंही, जिथं होतो तिथं. त्या झोपेतच छत पहिले पाच इंच खाली आलं असणार.

छत आठ फुटांवर असताना बिराजदार न्यायचे राहिलेले सहा वनपिंगळे घ्यायला आले. उंबऱ्यावर वाकले, आत आले आणि पाळण्याशी थांबले. ईश्वरी झोपली होती. तिचं झबलं त्या आठवड्यात मी पहिल्यांदा अर्धा इंच सैल केलं होतं. बिराजदारांनी चष्मा पुसला आणि माळढोकाचा पाय दोन बोटांत धरून बघितला.

"बरोबर केलाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. मागचं बोट नाही म्हणजे फांदी धरता येत नाही. हा पक्षी झाडावर बसतच नाही. जमिनीवर राहतो. तुम्ही त्याला टांगलाय."

"केंद्रातले चाळीस टांगलेले आहेत की."

"त्यांना बोट हाय ना. ते चुकीचे हायत, म्हणून गप राहिलेत." त्यांनी छताकडं बघितलं. तोवर ते आपलं आपण त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर आलेलं होतं. "ही खाली उतरायलीय. सोबत घर घेऊन उतरायलीय, एवढंच."

मुकुंदनं विचारलं, "आम्हीच काढून खाली ठेवली तर?"

"एकदा पाय टेकले की मग ती तिच्या मनाची. जाईल कुठंतरी माळावर. पोरीची झोप पण जाईल तिच्यासोबत." त्यांनी वही उघडली, पेन काढलं, पुन्हा मिटलं. "मला आत्ता धरता येत नाही हिला. टांगलेला पक्षी मोजणीत धरत नाहीत. पाय जमिनीला पाहिजेत." हे बोलताना त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला की मी त्यांना आणखी एक चहा दिला. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. माळावरून थेट आमच्या खिडकीशी यायचे.

आम्ही काय काय करून बघितलं ते सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते. चिमणाळं काढून फळीवर आडवं ठेवलं, ईश्वरीचे डोळे उघडले. परत टांगलं, मिटले. मग मुकुंदनं ते बागेत नेऊन लिंबाच्या फांदीला बांधलं आणि खाली ईश्वरीला ठेवलं. ती झोपली खरी, पण तासाभरात मनगटाएवढी जाड फांदी वाकून पाखरू ईश्वरीच्या पोटापर्यंत आलं आणि माणसं गोळा झाली. पल्लवीनं माहेरी फोन केला. तिची आई म्हणाली, "लेकरू आण, पण ते टांगायचं तेवढं आणू नको. आमचं पत्र्याचं घर आहे."

उरला एकच उपाय, आणि तो मला जमण्यासारखा होता. रोज सकाळी छत मोजायचं आणि माळढोकाचा दोरा अडीच इंच वर गुंडाळायचा, म्हणजे तिचे पाय जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहतील. मी दोरा मुद्दाम लांब ठेवला होता, पाखरं ईश्वरीला जवळून दिसावीत म्हणून. सात फूट दोरा होता. तो संपेपर्यंत पोर मोठी होईल, मग तिला कुठल्याच पाखराची गरज लागणार नाही, असा माझा अंदाज होता. शिवणकामात माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

पंखा छत आठ फुटांवर असतानाच काढला होता. सहा फुटांवर मुकुंद घरात टोपी घालू लागला, डोकं घासू नये म्हणून. पाळणा तर साडेसातावरच जमिनीला टेकला होता. आम्ही त्याचे दोर सोडले आणि ईश्वरीची गोधडी फरशीवर अंथरली. कपाट बाहेर काढायला हवं होतं ते राहून गेलं. एका सकाळी ते हळूहळू वाकलं आणि साड्यांसकट फरशीखाली गेलं. पल्लवी म्हणाली, "जाऊ दे." तोवर आम्ही सगळेच प्रत्येक गोष्टीला जाऊ दे म्हणायला लागलो होतो. ईश्वरीचं झबलं मात्र दर आठवड्याला अर्धा इंच सैल होत होतं. मी ते टेपवर दोनदा-तीनदा मोजायचे. मला ही पोर हवी होती. माझं लग्न राहून गेलं त्याचं मला कधी काही वाटलं नाही, पण ही गेली असती तर मला ते सोसलं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

पाच फुटांवर मुकुंदचा धीर सुटला. तो दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभा असायचा आणि घरी आला की वाकायचा. त्याची कंबर गेली होती.

"अक्का, तिला बोट लाव."

"कुणाला?"

"त्या पाखराला. मागचं बोट लाव. केंद्रातल्यांसारखी गप राहील."

मला हे आधी का सुचलं नाही, म्हणून माझा मलाच राग आला. मी तार कापली, दोरा गुंडाळला आणि बसल्या बसल्या वाकून तिच्या दोन्ही पायांना मागं एकेक बोट लावलं. चार-चार टाके. सुई टोचली तेव्हा ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप धरली. पाच फूट. चहानंतर धरली. पाच फूट. मुकुंद ओट्यावर जाऊन ताठ उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर करून आळस दिला.

आत पल्लवीनं मला हाक मारली. ईश्वरीचे डोळे उघडे होते.

आम्ही वाट बघितली. एखाद दिवस होतं असं, मी म्हणाले. दुपारी झबलं तिच्या खांद्यावरून घसरलं. चारच्या सुमाराला मी मापलं, दोन इंच ढिलं झालं होतं. आधी महिन्याला झिजायची तेवढी ती एका दिवसात झिजली होती. हाताची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती. ती रडत नव्हती, नुसती वर बघत होती.

"उसवा ते, अक्का," पल्लवी म्हणाली.

"अगं, मग घर..." मुकुंद म्हणाला.

"घर घेऊन काय करायचंय?" पल्लवीचा आवाज चढला नाही. तिच्यात चढवायला आवाजच उरला नव्हता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाराव्या दिवशी तुम्ही साध्या चार चिमण्या बांधल्या असत्या ना, तरी झोपली असती."

हे ती एकदाच म्हणाली. मी ब्लेड घेतलं आणि टाके काढले. आठवा टाका निघाला तेव्हा ईश्वरीनं डोळे मिटले. छतानं राहिलेले अडीच इंच त्याच संध्याकाळी भरून काढले.

त्यानंतर घर लवकर संपत गेलं. चार फुटांवर आम्ही रांगू लागलो. स्टोव्ह, भांडी, माझं मशीन सगळं ओट्यावर गेलं. साडेतीनावर मुकुंदची पाठ धरली आणि तो आत येईना. पल्लवी दूध पाजायला आत सरपटत यायची आणि सरपटत बाहेर जायची. शेजारणी ओट्यावर येऊन बसायच्या आणि उन्हाळा लवकर आला यंदा, असं बोलायच्या. आत काय चाललंय हे कुणी विचारत नव्हतं. बाहेरून घर चांगलं दहा फूट होतं आणि नव्या रंगाचं होतं.

दोन फुटांवर दोरा संपत आला. राघू, मोरघार, धनेश, वनपिंगळा हे सगळे एकेक करून छताला लागले आणि चपटे झाले. मी ते काढून घेतले. ईश्वरीला त्यांचं काही नव्हतं. माळढोक उरली. आता कोणीतरी सतत आत राहायला हवं होतं, दोरा बघायला. पल्लवीला दूध यायचं तर तिला जेवायला, बसायला हवं. मुकुंदची पाठ. उरले मी. मी ईश्वरीशेजारी आडवी झाले. माझ्या हातात दोरा होता, उशाला कात्री होती. ईश्वरी गोल गरगरीत झाली होती. झबल्याची शिवण मी शेवटपर्यंत सैल केली होती, तरी तिच्या काखेत काचत होतं.

एका सकाळी मी दोरा गुंडाळायला गेले आणि गुंडाळायला दोरा नव्हता. माळढोकाची पाठ थेट छताच्या कडीला लागली होती. तिचे पाय गोधडीच्या वर वीतभर होते, ईश्वरीच्या कुशीला लागून.

बिराजदार आलेच. बाहेरून आमची खिडकी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती आणि ते तिथं उभे होते. आतून त्यांचा चेहरा फरशीलगत दिसत होता, खाऊच्या डब्याच्या झाकणाएवढ्या चौकटीत. त्यांनी वही उघडलेली होती.

"आज टेकतील काय की," ते म्हणाले.

"टेकू देणार नाही मी."

"तुमची मर्जी. मी नुसता थांबतो."

मी डावा हात तिच्या पायांखाली घातला, तळवा वर करून. ती माझ्या तळव्यावर उभी राहिली. तीन अधिक तीन, सहा बोटं. पहिल्या तासात तिचं वजन कापसाएवढंच होतं. दुपारपर्यंत भरलेल्या घागरीएवढं झालं. तिच्या पाठीवर छत होतं, छतावर जे काय असतं ते होतं. माझं कोपर फरशीत रुतलं. बोटं आधी लाल, मग पांढरी, मग आपली नाहीत अशी झाली.

"अक्का!" ओट्यावरून मुकुंद ओरडला. "गाठ काप! पडू दे तिला आडवी! पाय लागायचे नाहीत!"

"कापू नका," पल्लवी म्हणाली. "पडली की ही जागी होईल." मग थोड्या वेळानं, "झोपलीय ना?"

"झोपलीय," मी म्हणाले.

कात्री उजव्या हाताशी होती. कापायला एक क्षण पुरला असता. मी ईश्वरीकडे बघितलं. तिच्या वरच्या ओठावर दुधाचा थेंब सुकला होता. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता, संथ, एका मापाचा. इतक्या जवळून मी कुणाला झोपलेलं ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आपणही असंच कधी झोपलो असू. किती वर्षं झाली आठवेना. चिमणाळं बांधलं तेव्हाची ती एक झोप सोडली तर मी बाराव्या दिवसापासून जागी होते, किंवा त्याच्या आधीपासून, वडील गेले आणि मशीन माझ्याकडे आलं तेव्हापासून. मी फार थकले होते. हे कुणाला सांगावं असंही मला वाटलं नाही.

मी हात काढून घेतला.

तिचे पाय गोधडीवर टेकले. आधी डावा, मग उजवा. सहा बोटं कापडावर पसरली आणि घट्ट बसली. ईश्वरी जागी झाली नाही. मला एवढं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीत बिराजदारांचं पेन कागदावर चाललं. फार छोटा आकडा असावा, लगेच थांबलं.

"एक," ते म्हणाले.

"आता जाईल का ती?" मी विचारलं.

"बघू."

ती गेली नाही. तिनं अंग झाडलं. काखेतल्या, मानेतल्या, पोटाखालच्या शिवणी एकेक करून सुटल्या आणि आत दाबलेलं कापड बाहेर येत गेलं. वडिलांचा कोट पुन्हा कोटाएवढा झाला, मग त्याहून मोठा. छत तिच्या पाठीला चिकटूनच होतं. तिनं मान लांब करून गोधडीच्या चारी बाजू बघितल्या, मी असलेली बाजूसुद्धा, आणि दगड बघावा तसं मला बघून सोडून दिलं. मग एक पाय उचलून ईश्वरीच्या पलीकडे ठेवला. गुडघे मोडले. पोटाची पिसं फुलवली आणि इकडून तिकडे थोडं सरकत, अंदाज घेत, ती ईश्वरीवर बसली.

तिच्यासोबत छतही बसलं. ते माझ्या खांद्याला लागलं, मग कानाला. मला मान वळवता येईना.

"हलू नका, अक्का," बिराजदार अगदी हळू म्हणाले. "बसलीय. अंड्यावर असताना कुणी हललं की सोडून जाते ती. मग परत येत नाही."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"अक्का," बाहेरून पल्लवीनं विचारलं, "झोपलीय ना?"

मला श्वास दोन ऐकू येत होते. त्यातला एक मोठा होता आणि एक त्याच्या आत होता. पंखाच्या कडेखालून ईश्वरीचं एक पाऊल बाहेर राहिलं होतं, गुलाबी, नुकतंच भरलेलं. मी बोट पुढं केलं असतं तर लागलं असतं.

"झोपलीय," मी म्हणाले.

माळढोकानं मान खाली घातली आणि चोचीनं ते पाऊल हळूच आत सारलं.